बिघडलेली यादी

आमची सावली धानाची. मूल सोडून गडचिरोलीच्या रस्त्यास लागलें म्हणजे दोहों बाजूंस बांध्या दिसूं लागतात, आणि आषाढांत त्यांतून रोवणीचीं गाणीं ऐकूं येतात. माझी आजी तीं गाणीं म्हणत असे. त्यांतील अकरा गाणीं मीं घरच्या जुन्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून ठेविलीं होतीं. गतवर्षीं आजी निवर्तली. त्या गाण्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती.

टिनाच्या छपरावरील पावसाचा आवाज त्यांत इतका मिसळला आहे कीं, आजीचे शब्द नीट उमगत नाहींत. तो कमी करावा म्हणून ऑडॅसिटी नांवाचें सॉफ्टवेअर घेण्याचें मीं ठरविलें. आमच्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स आहे. लिनक्सचा गाभा फिनलंडांतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं रचिला. डेबियनचा आरंभ इयान मर्डॉक यानें १९९३ सालीं केला. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही भारतीय प्रणालीहि डेबियनच्याच पायावर उभी आहे.

डेबियनमध्यें नवा माल आणण्याचें काम 'ॲप्ट' नांवाचा कारभारी करितो. तो दूरच्या भांडाराच्या याद्या आणून घरीं ठेवितो, त्या पाहून हवीं तीं गाठोडीं मागवितो, आणि आलेलीं गाठोडीं एका कोठींत सांठवितो.

याद्या उतरत असतांनाच वीज गेली. बॅटरी निकामी असल्यामुळें यंत्र तत्काळ बंद पडलें. त्यानंतर ॲप्टला कांहींहि विचारा, उत्तर एकच: याद्या अथवा स्थितिपत्रक वाचतां येत नाहीं. एका दुकानदारानें दूरध्वनीवरून सांगितलें, "सगळी डिस्क पुसा आणि नव्यानें घाला, दुसरा उपाय नाहीं." वडील लॅपटॉप पिशवींत घालून बस-स्थानकाकडे निघालेहि होते! त्यांना थांबवून मीं प्रथम अकराहि गाणीं पेनड्राइव्हवर उतरविलीं. यंत्र बाकीचीं सर्व कामें बिनतक्रार करीत होतें. मग सर्वच पुसावयाचें कां, हें मला कळेना.

मग तो संदेश सावकाश वाचला. पुष्कळ लोक पहिल्या ओळीसच घाबरतात व पुढें वाचीतच नाहींत. यांतील 'अथवा' हा शब्द महत्त्वाचा. याद्या म्हणजे भांडारांतील मालाच्या नोंदींची नक्कल. ती गेली तर पुन्हा आणतां येते. स्थितिपत्रकांत मात्र या एका यंत्रावर काय काय बसविलें आहे, त्याची नोंद असते. तें भांडारांत मिळावयाचें नाहीं. सुदैवानें संदेशांत 'मर्जलिस्ट' या शब्दापुढें बिघडलेल्या फाइलीचें नांवच दिलें होतें, आणि ती याद्यांच्या कप्प्यांतली होती. उघडून पाहिली तों मध्यापासून शेवटपर्यंत नुसतीं शून्यें! नांव व लांबी नोंदली गेली होती. मजकूर डिस्कवर उतरण्यापूर्वींच वीज गेली होती.

डिस्क भरली असतांहि याद्या अर्धवट राहतात, म्हणून 'डीएफ' या आज्ञेनें मोकळी जागा पाहिली. ती पुष्कळ होती. जुन्या याद्या न पुसतां दुसरीकडे हलविल्या, 'ॲप्ट क्लीन' म्हणून कोठी रिकामी केली, आणि 'ॲप्ट अपडेट' म्हटलें. स्थितिपत्रकास हात लाविला नाहीं.

नव्या याद्या खऱ्या कशावरून, असें वडिलांनीं विचारिलें. प्रश्न योग्यच होता. डेबियन एका लहान पत्रावर आपली सही करितें. त्या पत्रांत प्रत्येक यादीचा चौसष्ट अक्षरांचा ठसा असतो, आणि यादींत प्रत्येक गाठोड्याचा. मजकुराचें एक अक्षर बदललें तरी ठसा जुळत नाहीं व ॲप्ट तो माल नाकारतो. बियाण्याच्या पोत्याची शिवण आणि लेबल पारखून घेणाऱ्या वडिलांना हें लगेच पटलें.

अर्धा तास गेला, तोहि बहुतेक मोबाइल खिडकींत धरून बसण्यांत.

ऑडॅसिटीला प्रथम नुसत्या पावसाचा तुकडा ऐकवावा लागतो. मग तसा आवाज ती सबंध गाण्यांतून कमी करिते. चौथ्या गाण्यांत आजीला ठसका लागतो व ती हंसते. तोहि मी काढूं लागलों, तेव्हां आई म्हणाली, "तेवढा राहूं दे रे."

तो ठेविला आहे.