पाठ केलेलं स्वमत

दहावीचे निकाल लागले की दरवर्षी आपण टक्के मोजतो. यंदा मला एका मुलीला न दिलेल्या तीन मार्कांबद्दल लिहायचंय. पोस्ट मोठी आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

गोष्ट जानेवारी 2019 ची. दहावीचं नवीन पुस्तक आलेलं पहिलंच वर्ष. 'कुमारभारती'त आसावरी काकडे यांची 'खोद आणखी थोडेसे' ही कविता आहे. ज्यांची मुलं अलीकडे दहावी झाली, त्यांना माहीत असेल. खाली पाणी आहे, धीर सोडू नकोस, खोदत राहा, असा तिचा सूर. सराव परीक्षेत मी तिच्यावर रसग्रहण विचारलं. चार मार्कांचा प्रश्न.

आता त्या वर्षीचा आमचा बीड जिल्हा आठवा. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारनं राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही तालुका होता. शाळेत येणाऱ्या निम्म्या मुली टँकरच्या वेळा बघून यायच्या. कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरी आजी आणि धाकटी भावंडं. आणि वर्गात आम्ही शिकवतोय की खोदलं की पाणी लागतं.

वर्गातल्या बेचाळीस पोरांनी जवळपास एकच उत्तर लिहिलं होतं. 'खोदणे हे प्रयत्नाचे प्रतीक आहे, पाणी हे यशाचे प्रतीक आहे.' आधी आशयसौंदर्य, मग काव्यसौंदर्य, मग भाषिक वैशिष्ट्ये, तीन परिच्छेद. मीच तसं लिहून दिलेलं. मी भराभर साडेतीन, तीन, साडेतीन देत चाललो होतो. एका पेपरवर थांबलो.

त्या मुलीनं लिहिलं होतं, त्याचा मतलब असा : खोदणे म्हणजे प्रयत्न असं सगळे म्हणतात, पण आमच्या घरी खोदणे म्हणजे कर्ज. बापूंनी तीन बोअर पाडले. पाणाड्या नारळ घेऊन शेतात फिरला, त्यानं दाखवलं तिथंच पाडले. गाडीवाला म्हणायचा, अजून थोडं जाऊ, लागंल. बापू म्हणायचे, जाऊ द्या. तिसऱ्या बोअरला सहाशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. म्हणून ही कविता मला खरी वाटत नाही, पण वाचताना रडू येतं.

मी लाल पेनानं 'विषयांतर' असं लिहिलं आणि एक मार्क दिला.

पेपर वाटल्यावर पोरगी काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, मी खोटं लिहिलंय का?"

मी म्हणालो, "खोटं नाही गं बाळा, पण रसग्रहणात असं लिहीत नसतात."

"मग बोर्डात काय लिहू?"

आणि मी म्हणालो, "बोर्डात गाईडमधलं लिही. रिस्क घेऊ नको."

तिनं तसंच लिहिलं असणार. पास झाली, चांगले मार्क पडले. तिचं नुकसान झालं असं कागदावर कुठंच दिसणार नाही. पण तिनं त्या कवितेबद्दल एक प्रामाणिक वाक्य लिहिलं होतं, ते मी खोडलं आणि त्या जागी दुसऱ्याचं वाक्य ठेवायला सांगितलं. मराठीचा शिक्षक म्हणून एवढ्या वर्षांत मी केलेलं सगळ्यात वाईट काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

गंमत बघा. प्रश्नपत्रिकेची 'कृतिपत्रिका' झाली ती पाठांतर कमी व्हावं म्हणूनच. मुलांनी स्वतः विचार करावा म्हणून 'स्वमत' नावाचा प्रश्न आला. बाजारानं काय केलं? गाईडमध्ये स्वमत छापून टाकलं. आज आमची पोरं स्वमत पाठ करतात. 'तुझं मत सांग' म्हटलं की विचारतात, "सर, कोणत्या पानावरचं?" हसू येतं, पण हसण्यासारखं नाही.

त्या मुलीच्या पेपरनंतर मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. एक गोष्ट हळूहळू कळली. तिचं उत्तर चूक नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. तिच्याकडं म्हणणं होतं, ते उभं करायला सांगाडा नव्हता. बाकीच्या पोरांकडं सांगाडा होता, आत म्हणणंच नव्हतं. आणि ही दोन्ही चूक पोरांची नव्हती, माझी होती. प्रतीक ओळखायला मी शिकवलंच नव्हतं. मी अर्थांची यादी दिली होती. दिवा म्हणजे ज्ञान. वाट म्हणजे आयुष्य. पाऊस म्हणजे आनंद. (आमच्याकडं पाऊस म्हणजे आनंद की कापणीला आलेल्या सोयाबीनचा चिखल, हे महिन्यावर ठरतं.)

तेव्हापासून वर्गात एक पद्धत सुरू केली. रसग्रहण लिहायच्या आधी दहा मिनिटं उत्तर लिहायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर फक्त सांगाडा मांडायचा. पाच प्रश्न :

1. कवितेतली किंवा गोष्टीतली कोणती वस्तू, कोणती कृती तुला अडवते? एकच निवड.
2. ती कुठं कुठं येते? तिच्याबरोबर कोणते शब्द येतात? शब्दांवर बोट ठेव.
3. गावात, घरात त्या गोष्टीचा नेहमीचा अर्थ काय?
4. इथं तोच अर्थ आहे, की लिहिणाऱ्यानं तो वळवलाय?
5. आता एका वाक्यात तुझं म्हणणं लिही. वाक्य असं पाहिजे की शेजारचा म्हणू शकेल, 'मला नाही पटत.'

पाचवा प्रश्न महत्त्वाचा. 'पाणी यशाचे प्रतीक आहे' याच्याशी कोण भांडणार? ज्याच्याशी भांडताच येत नाही, ते वाक्य सिद्ध करायची गरजच नसते. मग पुढचे तीन परिच्छेद नुसतं पाणी घालून वाढवलेले.

हाच सांगाडा त्या मुलीच्या उत्तराला लावून बघू. वस्तू : खोदणं. शब्दांवर बोट ठेवायचं तर कविता उघडायचीसुद्धा गरज नाही, नाव पुरे. 'आणखी' म्हणजे आधी बरंच खोदून झालंय, माणूस दमलाय. 'थोडेसे' म्हणजे उरलंय ते फार नाही, असं कुणीतरी बाजूला उभं राहून सांगतंय. सांगणारा वेगळा, खोदणारा वेगळा. आणि कवितेत पाण्याबद्दल बोलताना 'असते'ला एक 'च' जोडलाय. एका अक्षराची खात्री.

मग नेहमीचा अर्थ. आमच्याकडं खोदणं म्हणजे फुटावर चढत जाणारा खर्च. जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची. इथं पाणी खडकाच्या भेगांत, झिजलेल्या थरांत असतं. भेग लागली तर लागली. जास्त खोल गेलं म्हणजे जास्त पाणी, असा हिशेब नाही. म्हणजे 'अजून थोडं' हे इथलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. बोअरच्या गाडीवाल्याचं आणि कवितेचं म्हणणं शब्दाला शब्द जवळजवळ एकच.

मग कवितेनं अर्थ वळवलाय का? वळवलाय. कवितेतली जमीन शेताची नाही, माणसाच्या आतली आहे. तिथला 'च' हा भूगर्भाचा अंदाज नाही, धीर आहे. गाडीवाल्याला 'अजून थोडं' म्हणायचे पैसे मिळतात, कवितेतल्या आवाजाला मिळत नाहीत.

आता तिचं वाक्य : 'या कवितेतलं खोदणं हे प्रयत्नाचं नाही, विश्वासाचं प्रतीक आहे, आणि ज्याचा विश्वास एकदा फसलाय त्याला ही कविता दुप्पट दुखते.'

तिनं हेच लिहिलं होतं ना? 'खरी वाटत नाही, पण रडू येतं.' फक्त मधल्या पायऱ्या नव्हत्या. त्या पायऱ्या दाखवणं हे माझं काम होतं. मी पायऱ्या दाखवल्या नाहीत, घरच पाडलं.

दुसरा अनुभव 'फँड्री'चा. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा आम्ही एकदा शाळेत दाखवला. त्यात डुक्कर बांधून नेतानाचा प्रसंग आहे. मागं शाळेची भिंत, भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं. मी विचारलं, चित्रं कशाचं प्रतीक? पहिलं उत्तर तयारच होतं : समतेचं. मग सांगाडा मांडायला लावला. चित्रं कुठं आहेत? भिंतीवर. कुणाच्या भिंतीवर? शाळेच्या. समोरून काय चाललंय? मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सर, चित्र भिंतीवरच राहतंय अन् डुक्कर पुढं चाललंय. समता भिंतीवरच राहिली, याचं प्रतीक आहे ते." वर्ग गप्प. हे वाक्य कुठल्याही गाईडात नव्हतं. आणि त्याच्याकडं पुरावा होता, बोट ठेवून दाखवता येणारा.

काही जण म्हणतील, चार मार्कांच्या प्रश्नासाठी एवढं कशाला? पोरं पुढं आयटीआयला जाणार, नर्सिंगला जाणार, पोलीस भरतीच्या मैदानावर पळणार. प्रतीक कळून काय करायचंय?

मला उलटं वाटतं. आपण रोज प्रतीकांवरून भांडणारा समाज आहोत. झेंडा, पुतळा, चौकाचं नाव, मिरवणुकीतलं गाणं, मोबाईलवरचं स्टेटस. एका चित्रावरून बाजारपेठ बंद होते, इंटरनेट बंद होतं. त्या गर्दीत पुढं कोण असतं? आमचेच माजी विद्यार्थी. सोळा ते बावीस वयाचे. त्यांना प्रतीकासाठी पेटून उठायला कुणीतरी शिकवलंय. प्रतीक वाचायला आम्ही शिकवलं नाही. 'हे म्हणजे हे' अशी यादी आम्ही दहावीत दिली, पुढं दुसऱ्या कुणीतरी दुसरी यादी दिली. पद्धत तीच. अर्थ वरून येणार, तू फक्त उतरवून घे.

सांगाडा मांडायला शिकलेला पोरगा दगड उचलणारच नाही, असा दावा मी करत नाही. एवढा भोळा मी नाही. पण 'नक्की कुठं लिहिलंय?', 'दुसरा अर्थ लागतो का?', 'हा अर्थ मला कोण सांगतंय, आणि त्याचा यात काय फायदा?' हे तीन प्रश्न विचारायची सवय असेल, तर निदान मिनिटभर थांबेल. गावात पुष्कळदा त्या एका मिनिटाचाच प्रश्न असतो.

मग करायचं काय? मोठ्या सुधारणा माझ्या हातात नाहीत. छोट्या सांगतो.

पालकांनी रसग्रहणाची तयार वही विकत घेऊ नये. मुलाला एवढंच विचारावं, 'कवितेतली कोणती गोष्ट तुला अडली, आणि का?' तुम्हाला कविता कळत नसेल तरी विचारा. उलट तेव्हा मूल जास्त नीट सांगतं.

मराठी शिकवणाऱ्या मित्रांनो, पेपर तपासताना ठरलेल्या उत्तरापेक्षा वेगळं उत्तर आलं, तर आधी पुरावा शोधा, मग लाल पेन उघडा. पुरावा असेल तर पूर्ण मार्क द्या. अर्धवट असेल तर 'विषयांतर' लिहू नका. 'कोणत्या शब्दावरून वाटलं?' असं लिहा. तीन शब्दच लागतात. मला ते तेव्हा सुचले नाहीत.

आणि तपासणीच्या सूचना देणाऱ्यांना एक विनंती : कवितेचा वेगळा, पण आधार असलेला अर्थ ग्राह्य धरावा, हे वाक्य नमुना उत्तराच्या खाली ठळक छापा. शिक्षक घाबरतात म्हणून मुलं घाबरतात. मीही घाबरलोच होतो.

ती मुलगी गेल्या दिवाळीत बसस्टँडवर भेटली. नर्सिंग झालंय, संभाजीनगरला एका दवाखान्यात आहे. मी तिला त्या पेपरचं बोललो, म्हणालो, "चुकलो होतो गं मी." ती जराशी हसली. "सर, मला आठवत पण नाही," म्हणाली. मग बस लागली. चढताना मागं वळून म्हणाली, "चौथा बोअर नाही पाडला बापूंनी. शेततळं केलं."

म्हणजे आठवत होतं.

तुमच्या पेपरवरही कुणी कधी असं 'विषयांतर' लिहिलं असेल, तर सांगा. यंदाच्या वर्गाला वाचून दाखवीन.