गोड्या पाण्याचं गाव

जहाजाच्या खोलीत शिरल्यावर माझ्या आईनं, अव्वानं, आधी नळ उघडला. पिशवी पलंगावर टेकवली, न्हाणीत गेली, ओंजळ धरली, पाणी जिभेला लावलं आणि लगेच नळ घट्ट बंद केला. खिडकीबाहेर मुंबई बंदराचं राखाडी पाणी संथ हलत होतं. ते तिनं नंतर पाहिलं. बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "गोड हाय."

आयुष्यभर ती कुठंही गेली तरी पहिली चौकशी हीच. मला शाळेतली नोकरी लागली आणि सोलापुरात भाड्याचं घर बघायला आली, तेव्हाही तिनं खोल्या मोजल्या नाहीत, आधी नळ उघडला. लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांचं शेत किती हे अण्णा विचारायचे. आड किती खोल आणि पाणी कसलं, हे अव्वा.

आमचं दुधनी हे अक्कलकोट तालुक्याच्या टोकाचं गाव. पलीकडं कर्नाटक. घरात कन्नड, बाजारात मराठी, देवळात दोन्ही. तुरीचे ढीग लागलेलं मार्केट यार्ड, डाळीचा पिवळा धुरळा आणि सोलापूरहून वाडीकडं जाणारे रूळ. ही लाइन १८७१ साली रायचूरला भिडली. तेव्हापासून मुंबईची वाट गावाच्या दारातूनच जाते, पण त्या वाटेनं माणसं पोटासाठी गेली. समुद्र बघायला म्हणून कोण जाणार? गावाच्या नावात दूध आहे, गावाची गाऱ्हाणी मात्र पाण्याची.

आमच्या घरी पाणी मोजायची भाषा वेगळी होती. लिटर मी शाळेत शिकले. घरात हंडा, घागर, कळशी, तांब्या आणि शेवटी फुलपात्र. सवळ विहिरीचं पाणी धुण्याला, गोड्या आडाचं पिण्याला; दोन्हींच्या घागरी वेगळ्या, त्यांची जागासुद्धा वेगळी. तांदळाचं धुवण म्हशीला, न्हाणीचं पाणी शेवग्याला. एक पाणी दोनदा वापरल्याशिवाय अंगणाबाहेर जायचं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात अव्वा चौदा वर्षांची होती. रस्त्याच्या कामावर तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. त्या वर्षाबद्दल ती भुकेचं फार बोलत नाही. तहानेचं बोलते.

जहाजाचा बेत माझा. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर, श्रीशैल, तिच्या सगळ्या यात्रा झाल्या होत्या. नुसतं हिंडायला ती कधी गेली नव्हती. फेब्रुवारीत तूर विकून झाली, ज्वारीची काढणी उरकली, तेव्हा मी तिकिटं दाखवली.

"तिथं देव कुठला हाय?" तिनं विचारलं.

"देव नाही अव्वा. समुद्र आहे."

थोडा विचार करून म्हणाली, "मग हाय की."

दुधनीहून सोलापूर, तिथून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. गाडीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. सकाळी बोरीबंदरला उतरलो आणि टॅक्सीनं धक्क्यावर. 'एम्प्रेस' समोर उभी होती. अव्वा मान वर करत गेली, करत गेली, आणि डोक्यावरचा पदर सरकला तसा तिनं हातानं धरला. १९९० साली फ्रान्समधल्या सॅं-नाझेरच्या गोदीत बांधलेलं हे जहाज, लांबी २११ मीटर, खोल्या आठशेच्या आसपास. जगातली आजची सर्वांत मोठी जहाजं याच्या कितीतरी पट आहेत. पण माळवदाच्या घरात वाढलेल्या डोळ्यांना हाच एक डोंगर होता. कॉर्डेलिया कंपनीनं २०२१ च्या सप्टेंबरपासून ते मुंबईहून न्यायला सुरुवात केली. त्याआधी २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' मुंबई–गोवा निघाली होती. कोकणातल्या माणसाला यात नवल थोडं. भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावी जाणं त्याच्या आजोबा-पणजोबांच्या अंगवळणी होतं. आम्ही देशावरचे. आमच्या बोलीत 'लागली' म्हटलं की ऊन लागतं, ठेच लागते. बोट लागते हे आम्हाला पुस्तकातून कळलं.

निघण्याआधी सगळ्या प्रवाशांना गोळा केलं गेलं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला तर कुठं जमायचं, जाकीट कसं बांधायचं, ते दाखवलं. १९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि तिच्यावर माणसांना पुरतील इतक्या होड्याच नव्हत्या. त्या धड्यातून १९१४ साली समुद्रावरच्या जिवांच्या रक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांना हा सराव मिळालेला नव्हता. म्हणून आता तो जहाज हलण्याआधी किंवा हलताक्षणी होतो. अव्वा पुढं बसून नीट ऐकत होती. वर टांगलेल्या नारिंगी होड्यांकडं बोट दाखवून तिनं मला विचारलं, "त्येच्यात प्यायचं पाणी हाय का?"

आहे. जीवरक्षक होडीत माणशी तीन लिटर गोडं पाणी ठेवण्याचा नियमच आहे. मी तिला ते सांगितलं. तिनं मनाशी हिशेब केला. "दोन तांबे," म्हणाली. "पुरवून प्यायला पायजे." सभोवती अख्खा समुद्र असताना माणसाला दोन-तीन तांब्यांवर जगावं लागेल, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. सवळ विहिरीच्या काठावर उभं राहून तहानलेल्या बाईला ते ठाऊक असतं. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ. ते बाहेर टाकायला शरीराला प्यालेल्या पाण्याहून जास्त पाणी लागतं. म्हणून समुद्र प्यायलेला माणूस आणखी कोरडा पडत जातो.

संध्याकाळी जहाज सुटलं. ते सुटल्याचं आम्हाला कळलंच नाही. धक्काच मागं सरकू लागला असं वाटलं. उजवीकडं कुलाब्याचं टोक आणि त्यापुढचा प्राँग्जचा दीपस्तंभ, डावीकडं रायगडचा किनारा. याच वाटेवर १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मी अव्वाला ते सांगितलं तेव्हा तिनं कठड्यावरचा हात काढून जोडला. पुढं अंधुक खांदेरी दिसली. १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून शिवाजी महाराजांनी तिथं तट उभारला. मग सूर्य पाण्यात गेला आणि चारी दिशांना काही उरलं नाही.

त्या रात्री अव्वानं तो प्रश्न विचारला. खोली आवरायला येणारा मुलगा रत्नागिरीकडचा होता, तिला आजी म्हणायचा. ती त्याला म्हणाली, "एवढी दोन हजार माणसं. आंघोळी, धुणी, सैपाक. टँकर कुठून येतो रे?"

तो हसला नाही, हे मला फार आवडलं. म्हणाला, "काही बंदरात भरून घेतात, आजी. बाकीचं समुद्राचंच. खाली यंत्रं आहेत, गोडं करतात."

मी तिला माहीत होतं तेवढं सांगितलं. मोठ्या जहाजांवर याच्या दोन रीती. एका रीतीत समुद्राचं पाणी प्रचंड दाबानं अतिशय बारीक पडद्यातून रेटतात. पाणी पलीकडं जातं, मीठ अलीकडं राहतं. दुसरी रीत जुनी. इंजिनं थंड ठेवायला त्यांच्याभोवती पाणी खेळवतात, ते चांगलंच तापतं. ती वाया जाणारी ऊब एका बंद भांड्याला देतात आणि त्या भांड्यातली हवा ओढून घेतात. हवेचा दाब कमी झाला की पाण्याला उकळायला शंभर अंशांची गरज राहत नाही. कोमट-कढत असतानाच त्याची वाफ होते. वाफ वर जाते, मीठ खाली राहतं, वाफेला थंड नळी भेटली की थेंब. मग त्यात क्षार मिसळतात, ते शुद्ध करतात आणि नळाला सोडतात. बंदराच्या गढूळ पाण्यात ही यंत्रं चालवत नाहीत, किनारा मागं पडला की चालू करतात.

अव्वा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे खाली पाऊस करत्यात म्हण की."

मी वीस वर्षं पोरांना जलचक्र शिकवते. फळ्यावर बाण काढते, ढग काढते, डोंगर काढते. इतक्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आलं नाही. समुद्रावर ऊन पडतं, वाफ होते, मीठ खाली राहतं, वारा ती वाफ सह्याद्रीवर नेऊन आपटतो. महाबळेश्वर पाच-सहा हजार मिलिमीटर पावसात न्हातं आणि घाट ओलांडून आमच्यापर्यंत येईतो ढगांची झोळी रिकामी होत आलेली असते. सोलापूरच्या वाट्याला सहाशे मिलिमीटरसुद्धा जेमतेम. पण जे काही मृगात येतं ते इथलंच असतं, या खाऱ्या पाण्याचं, मीठ मागं ठेवून आलेलं.

दुसऱ्या दिवशी मी जहाजाकडं अव्वाच्या डोळ्यांनी पाहू लागले. वरच्या मजल्यावर तरणतलाव होता, नाचगाणी होती, ताटं भरून वाहत होती. लोक त्यासाठी आले होते आणि त्यांचा आनंद खरा होता. अव्वानंही दोनदा आइस्क्रीम खाल्लं, संध्याकाळचा गाण्यांचा कार्यक्रम डोळे मिटून ऐकला. पण या सगळ्याच्या तळाशी एक काटकसरीचं गाव होतं, ते तिला आपोआप दिसत होतं. शौचालयातला हवेनं खेचून घेणारा नळ पाहून ती खूश झाली: "बादलीचं काम तांब्यात झालं." शौचालयाचं पाणी साफ केल्याशिवाय किनाऱ्याजवळ सोडता येत नाही, हे ऐकून तिनं मान डोलावली. न्हाण्याचं वेगळं, शौचाचं वेगळं, प्यायचं वेगळं. प्रत्येकाची टाकी निराळी, नळी निराळी. आमच्या घागरींच्या दोन जागांचंच हे लोखंडी रूप. मला वाटलं होतं, मी तिला तिच्या जगापासून चार दिवस लांब नेते आहे. ज्या गावाला स्वतःचं पाणी स्वतः मिळवावं लागतं आणि मोजून वापरावं लागतं, त्या गावात ती परकी नव्हतीच.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. ती गाडी आमच्या जिल्ह्यातून, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून जायची. पुढं एका खेपेला ५० टाक्या, २५ लाख लिटर. तेव्हा टीव्हीसमोर बसलेली अव्वा म्हणाली होती, पाणी गाडीत बसलं, आता माणसांनी चालायचं. जहाजावरच्या रात्री तेच वाक्य मला पुन्हा आठवलं. तहान भागवायला माणसानं काय काय केलं! डोंगर पोखरले, रुळांवर टाक्या चढवल्या, इंजिनाच्या उबेवर समुद्र उकळला.

त्या रात्री आमच्या डावीकडं, अंधारात कुठंतरी मालवण गेलं. तिथल्या सिंधुदुर्गाचं मी अव्वाला सांगितलं. १६६४ साली शिवाजी महाराजांनी भर समुद्रातल्या बेटावर किल्ला बांधायला घेतला. चहूकडं खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांची नावं दूधबाव, दहीबाव, साखरबाव.

"दूधबाव," ती पुटपुटली. "पाण्याला दुधाचं नाव देणारी माणसं लई तहानलेली असणार." दुधनी हे नाव कसं पडलं मला माहीत नाही. पण त्या रात्रीपासून माझ्या मनात त्याचा एक अर्थ रुजला आहे.

पहाटे गोव्याच्या किनाऱ्यासमोर आम्ही वर उभ्या होतो. वारा तिच्या इरकलीच्या पदराशी झटत होता. तिनं विचारलं, "आपली भीमा कुठं मिळते ह्याला?"

"या समुद्राला नाही मिळत. ती भीमाशंकरला उगवते, या समुद्रापासून फार लांब नाही. पण पाठ फिरवून पूर्वेला जाते. आपल्या तालुक्याच्या कडेनं वाहते, कृष्णेत शिरते आणि कृष्णा पलीकडच्या उपसागरात."

तिला ते लागलं. पाऊस या समुद्राचा आणि ओढे-नाले भरून वाहणारं पाणी मात्र दुसऱ्याला. मी म्हटलं, हत्तीच्या पावसात त्या उपसागराचाही हात असतो, ज्वारीची पेरणी त्याच्याच भरवशावर. "तरी पण ह्येचं देणं फिटत न्हाई की," ती म्हणाली. वरून पाण्यात काही टाकायला मनाई होती. नारळ नव्हता, फूल नव्हतं. तिनं नुसता कठड्याला माथा टेकला. तिच्या सगळ्या यात्रांत मी तिला इतका वेळ नमस्कार करताना पाहिलं नव्हतं.

परत आलो. मार्च, एप्रिल, मे. नळाला पाणी दिवसाआड, मग आणखी दिवसांनी. घागरी आपापल्या जागी. अव्वा शेजारणींना जहाजाचं सांगायची. जेवणाचं थोडं, नाचगाण्याचं त्याहून थोडं, आणि तळघरात बनणाऱ्या पावसाचं पुष्कळ.

जूनमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. मागून माळवदाच्या पन्हाळीचा आवाज येत होता, खाली ठेवलेल्या घागरीत पाणी पडत असल्याचा. आधी रिकाम्या घागरीचा घुमणारा, मग भरत चाललेल्या घागरीचा जड होत जाणारा. आम्ही दोघी थोडा वेळ तो ऐकत राहिलो.

"चाखून बघितलं," ती म्हणाली. "गोड हाय. मीठ तिकडंच ठिवून आलंय."