एक वर्ष थांबावें काय?

मुलानें पुढें काय शिकावें हा प्रश्न सुटला म्हणजे घरांतील वडील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु अलीकडे त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो. हातीं आलेला प्रवेश घ्यावा, कीं वर्षभर घरीं बसून प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावी? कायद्याच्या शिक्षणासंबंधीं हा प्रश्न आमच्याच घरीं उपस्थित झाला. अनेक वाचकांच्या घरीं तो आज ना उद्यां यावयाचाच. म्हणून आम्हीं त्याचा विचार कसा केला तें येथें मांडीत आहों.

आमचें बिऱ्हाड सोलापुरास अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीच्या कडेस आहे. यंत्रमागांचा खडखडाट ऐकतच येथील मुलें अभ्यास करतात. आमचा पुतण्या टॉवेलच्या एका कारखान्यांत हिशेबनीस आहे. त्याच्या मुलानें बारावीच्या वर्षांतच राष्ट्रीय विधि विद्यापीठांची ‘क्लॅट’ परीक्षा दिली व राज्याची सीईटीहि दिली. क्लॅटच्या गुणांवर दूरच्या प्रांतांतील एका नव्या विद्यापीठांत जागा मिळत होती. सीईटीच्या गुणांवर पुण्याचें, १९२४ सालीं स्थापन झालेलें, आय. एल. एस. विधि महाविद्यालय मिळत होतें. मुलाचें मन मात्र मुंबईच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठावर जडलेलें. “आजोबा, मला एकच वर्ष द्या,” एवढेंच त्याचें मागणें.

एकत्र कुटुंबांत एकाचें वर्ष हें एकट्याचें नसतें. शिकवणीवर्गाची फी त्याच्या धाकट्या बहिणीच्या नांवें ठेवलेल्या ठेवींतून काढावी लागणार होती, आणि ती पोर कांहीं न बोलतां ऐकत बसली होती. तिचें तें मौन आम्हांस सर्वांच्या बोलण्यापेक्षां अधिक बोचलें.

संस्कृत शास्त्रकारांचा एक ‘स्थूणानिखनन न्याय’ आहे. खांब रोवतांना तो पुनःपुन्हा हालवून ठोकतात, म्हणजे तो घट्ट बसतो. पुनःपरीक्षेच्या बाजूनें याहून चांगला युक्तिवाद आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु ठोक्यागणिक खांब खोल जात असेल तरच तो लागू पडतो. खालीं खडक लागला असेल तर श्रम व्यर्थ. तेव्हां प्रथम खांब जातो कीं नाहीं तें पाहावें, असें आम्हीं ठरविलें.

क्लॅटची पदवी-प्रवेशाची प्रश्नपत्रिका १२० प्रश्नांची व दोन तासांची असते, आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण कापतात. कायद्याचें पूर्वज्ञान लागत नाहीं. लांबलचक इंग्रजी उतारे झपाट्यानें वाचून त्यांतून अनुमान काढावें लागतें. आम्हीं लागोपाठ चार रविवारीं घड्याळ समोर ठेवून मुलाकडून चार जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या. पहिल्या रविवारीं २६ प्रश्न हात न लागतां राहिले. दुसऱ्या रविवारीं ते १५ वर आले. पुढें मात्र प्रगति थांबली; घाईनें सोडविलेल्या प्रश्नांत मिळालें त्याहून अधिक कापलें गेलें. अपयशाचें कारण आजारपण असतें, किंवा परीक्षेचें स्वरूपच उशीरा कळलेलें असतें, तर आम्हीं वर्ष द्या म्हणून स्वतः आग्रह धरला असता. कारण तीं कारणें दूर करतां येतात. येथें तसें नव्हतें.

मग महाविद्यालयाच्या नांवाचा प्रश्न निघाला. क्रमवारीच्या याद्या चाळणें ही पुष्कळदां निव्वळ काकदंतपरीक्षा होते. कावळ्याचे दांत मोजून हातीं कांहीं लागत नाहीं. मान्यताप्राप्त महाविद्यालय कोणतेंहि असो, वकिली करण्यासाठीं अखिल भारतीय बार परीक्षा सर्वांना सारखीच. आमच्या सोलापुरांत जन्मलेले न्या. उदय लळीत मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयांत शिकले आणि २०२२ सालीं भारताचे सरन्यायाधीश झाले. २०२५ सालीं त्या पदावर आलेले न्या. भूषण गवई अमरावती विद्यापीठाचे पदवीधर. पण एवढ्यावरून निकाल देणें न्याय्य होणार नाहीं. लळीतांनीं वकिली सुरू केली ती १९८३ सालीं. बंगळूरचें पहिलें राष्ट्रीय विधि विद्यापीठ निघालें १९८७ सालीं, आणि क्लॅट तर २००८ पासूनची. मोठमोठ्या वकिली कचेऱ्या आज राष्ट्रीय विद्यापीठांतून मुलें निवडून नेतात, हेंहि खरें आहे.

तेव्हां आम्हीं मुलालाच विचारलें, “वकील होऊन तूं बसणार कोठें?” तो क्षणभरहि न थांबतां म्हणाला, “सोलापूरच्या कोर्टांत; आणि नंतर कोल्हापुरास.” मुंबई उच्च न्यायालयाचें कोल्हापूर येथील फिरतें खंडपीठ ऑगस्ट २०२५ मध्यें सुरू झालें, आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेंत आला. ज्याला येथील कामगारांचीं व कारखानदारांचीं भांडणें चालवावयाचीं आहेत, त्याला कचेऱ्यांच्या निवडीचें काय महत्त्व? मराठींत साक्षीपुरावा समजणें, जिल्हा न्यायालयाची रीत डोळ्यांखालून जाणें, हें त्याच्या अधिक उपयोगाचें. या दृष्टीनें दूरच्या प्रांतांतील जागाहि मागें पडली आणि पुणें पुढें आलें.

पुतण्या स्वभावानें अबोल. पण त्या दिवशीं तो कारखान्यांतील गोष्ट बोलला. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात, एक ताठ व दुसरा सैल. सैल धाग्यांचे फांस उठतात, त्यांनींच टॉवेल पाणी शोषतो. पण ताठ ताण्यानें ते धरून ठेवले नाहींत, तर सारा गुंता होतो. “मोकळें वर्ष वाईट नाहीं, पण त्याला धरून ठेवणारें कांहीं पाहिजे,” असें तो मुलाला म्हणाला. आम्हांस तें पटलें. ज्यांना थांबावयाचेंच असेल त्यांनीं अपयशाचें नेमकें कारण लिहून काढावें, तें दूर करण्याची रीत ठरवावी, आणि यापुढें पुन्हा थांबावयाचें नाहीं ही मर्यादा आधींच घालून घ्यावी. क्लॅटला वयाची कमाल मर्यादा नाहीं. म्हणूनच ही मर्यादा घरच्यांनीं घालावी लागते.

मुलानें दोन दिवस विचार केला आणि पुण्याचा प्रवेश स्वतःच जाऊन निश्चित केला. जातांना त्यानें जुन्या प्रश्नपत्रिका रद्दींत घालूं दिल्या नाहींत. पदवीनंतर एल्‌एल्. एम्. साठींहि राष्ट्रीय विद्यापीठांत क्लॅटनेंच जातां येतें, हें त्यानें शोधून काढलें आहे. त्याच्या बहिणीनें त्या सर्व नीट बांधून आमच्या कपाटांत ठेवल्या आहेत. तिची ठेव पेढींत जशीच्या तशी आहे.