५२ आणि ३६

मागच्या महिन्यात कॉलवर मॅनेजरनं विचारलं, "तुझ्या टीममधले दोघं दोन आठवडे दुसऱ्या प्रोजेक्टला देता येतील ना?" समोरच्या शीटमध्ये स्पष्ट दिसत होतं, जमणार नाही. मी म्हणालो, "करू मॅनेज."

रिलीजच्या रात्री आमच्या टीममधली सगळ्यात ज्युनिअर मुलगी बहिणीच्या साखरपुड्याच्या हॉलमधून, हातावर ओली मेंदी घेऊन, माझ्यासोबत लॉग वाचत होती. तेव्हा मला ह्यू डाउडिंग आठवला.

डाउडिंग १९३६पासून ब्रिटिश हवाई दलाच्या फायटर कमांडचा प्रमुख. माझी त्याची ओळख झाली ती त्याने उभ्या केलेल्या सिस्टिममुळे. किनाऱ्यावरची रडार केंद्रं शत्रूची विमानं टिपायची आणि फोनवरून बेंटली प्रायरीच्या फिल्टर रूमला कळवायची. एकाच विमानांची खबर दोन-तीन केंद्रांकडून, थोड्या वेगवेगळ्या आकड्यांनी यायची. ती पडताळून, डुप्लिकेट काढून, एकच चित्र टेबलावर मांडायचं आणि मगच पुढे पाठवायचं. कॉम्प्युटर नाही, टेलिफोन, नकाशा आणि माणसं, त्यात कितीतरी तरुण मुली. आम्ही आज डेटा पाइपलाइन म्हणून मिरवतो ते हेच की.

पण त्या रात्री आठवलं ते त्याचं पत्र. मे १९४०. फ्रान्स कोसळत होता, आणखी लढाऊ विमानं मागत होता. मित्रदेश संकटात आणि चर्चिलला मदत करायची होती. अशा वेळी नाही कोण म्हणणार? १६ मे रोजी डाउडिंगने हवाई मंत्रालयाला लिहिलं. मुद्दा साधा होता: देशाच्या रक्षणासाठी ५२ स्क्वाड्रन लागतील असं तुम्हीच ठरवलं होतं, माझ्याकडे आता ३६च उरल्यात. किती ठेवायच्या ते सांगा, आणि त्याखाली जाणार नाही याची हमी द्या. त्यानंतरही काही स्क्वाड्रन फ्रान्सच्या मदतीला गेल्याच, पण काही दिवसांत तो ओघ थांबला. त्या उन्हाळ्यात ब्रिटनवर हल्ले सुरू झाले तेव्हा लढायला विमानं आणि वैमानिक शिल्लक होते.

त्याला संत करायची गरज नाही. टोपणनावच 'स्टफी', म्हणजे आखडू. हाताखालच्या पार्क आणि ली-मॅलरी या दोन अधिकाऱ्यांचं भांडण त्याला मिटवता आलं नाही. रात्रीचे बॉम्बहल्लेही त्याला थोपवता येत नव्हते. नोव्हेंबर १९४०मध्ये त्याला पदावरून हटवलं. पुढच्या वर्षी या लढाईवर सरकारी पुस्तिका निघाली, तीत त्याचं नावसुद्धा नव्हतं! मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

काल पुन्हा विचारणा झाली, या वेळी एकाच माणसाची. मी मेल लिहिला: लागतात सात, आहेत पाच. दोनच ओळी. 'सॉरी' हा शब्द तीनदा घातला, तीनदा काढला.

मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे. सकाळी दहाला कॉल आहे.