बेळगाव की निपाणी?

पुणं सोडायचं ठरलंय. घर आणि लेथचं वर्कशॉप एकाच आवारात हवं. बेळगावची ओढ मोठी आहे: उद्यमबागेत फाउंड्री, मशीन शॉप, कुशल हात, सगळं जवळ. पण शहरातलं भाडं मला झेपणार नाही. निपाणी तंबाखूची जुनी पेठ. पुणे-बंगळूर महामार्गावर, कागलची औद्योगिक वसाहतही जवळ. गावात रेल्वे नाही, पण माझा माल टेम्पोनंच जातो. १९५६ पासून हा भाग कर्नाटकात, त्यामुळे वीजजोडणीची कागदपत्रं कन्नडमध्ये, ती भाषा शिकेन. बाजारात मराठी चालतेच. तिथं जागा शोधताना थ्री-फेज वीज, दारापर्यंत टेम्पो आणि आवाजानं शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही इतकी मोकळी जागा, एवढं आधी पाहावं, भाडं नंतर. माझा कौल निपाणीला.