शेवटचं पाणी

अकोला,
१० जून

चि. बाळूस,


पत्र मिळालं, गाडीचे फोटोही पाहिले. दर्यापूरला बदली झाल्यापासून दर रविवारी तू मन लावून गाडी धुतोस आणि वाळल्यावर ती धुण्याआधीपेक्षा जास्त मळकट दिसते, असं लिहिलंस. काळ्या बॉनेटवरची पांढरी वर्तुळं मी फोटो मोठा करून नीट बघितली. तुझ्या मेहनतीत कसूर नाही. पुण्यात तू ज्या रीतीनं गाडी धुवायचास, ती रीत धरणाच्या गोड्या पाण्याची होती. आता तू खारपाणपट्ट्यात राहतोस. इथलं पाणी समजून घेतल्याशिवाय शाम्पू बदलून किंवा जास्त घासून काही साधणार नाही.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा. नदीनं युगानुयुगं आणून टाकलेला गाळ इथे फार खोल आहे. त्यात चिकणमाती जास्त, त्यामुळे पाण्याचा निचरा मंद, आणि क्षार जमिनीतच साठून राहिलेले. तू उत्तरेला अंजनगाव, परतवाड्याकडे गेलास की सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोड होतं आणि संत्र्याच्या बागा दिसू लागतात. दर्यापूरच्या आसपास मात्र विहिरीला पाणी असूनही शेतकरी ते पिकाला देऊ शकत नाही. ओलाव्यावर हरभरा काढतो आणि पावसाकडे डोळे लावून बसतो. घराच्या अंगणातल्या बोअरमधून येतं ते हेच पाणी.

आता थोडा हिशेब कर. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप म्हणजे टीडीएस. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावं. पट्ट्यातल्या अनेक विहिरी ही वरची मर्यादाही ओलांडतात. समज, तुझ्या बोअरचं टीडीएस २,००० आहे. म्हणजे एका लिटरमध्ये दोन ग्रॅम क्षार. धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिलं आणि ते आपोआप वाळलं, तर पाणी उडून जातं आणि अर्धा ग्रॅम क्षार पत्र्यावर बसतो. दर रविवारी अर्धा ग्रॅम. थेंबाच्या कडेला पाणी आधी उडतं, म्हणून क्षार कडेला जमतो आणि वर्तुळ उमटतं.

हे क्षार दोन जातींचे आहेत, आणि दोन्हींमुळे होणारं नुकसान वेगळं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जी संयुगं पाणी जड करतात, त्यांतलं कॅल्शियम बायकार्बोनेट पाणी उडताना कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं. ते पुन्हा साध्या पाण्यात विरघळत नाही. तापलेल्या पत्र्यावर हा थर वारंवार भाजला गेला तर तो वरच्या पारदर्शक लेपाला धरून बसतो आणि हळूहळू त्याला खरवडतो. हा लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पॉलिश करून डाग काढायचा म्हणजे त्यातलाच काही भाग घासून टाकायचा. हे वरचेवर परवडत नाही.

दुसरी जात साध्या मिठाची, सोडियम क्लोराइडची. हे ओल्या फडक्यानं सहज निघतं, म्हणून लोक त्याला किरकोळ समजतात. पण ते जिथे फडकं पोचत नाही तिथे राहतं: दाराच्या खालच्या कडेत, चाकावरच्या कमानीत, पत्र्याच्या जोडात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ती जागा ओली ठेवतं. ओल, मीठ आणि लोखंड एकत्र आले की गंज चढतो. आता पावसाळा तोंडावर आहे, म्हणून हे आजच लिहिते आहे.

या सगळ्यातून एकच गोष्ट पक्की लक्षात ठेव. गाडीवरून किती पाणी वाहून गेलं याला महत्त्व नाही. गाडीवर कोणतं पाणी वाळलं याला आहे. बोअरच्या पाण्यानं चिखल सुटेल, धूळ निघेल, टायर धुता येतील. शेवटचा हात मात्र कमी क्षाराच्या पाण्याचा हवा, आणि तेही वाळण्याआधी टिपून घ्यायला हवं. असं पाणी पाच-सहा लिटर पुरतं.

ते आणायचं कुठून? नळाला येणारं शहानूर धरणाचं पाणी गोड आहे, पण ते गाडीसाठी नाही. ज्या भागात प्यायचं पाणी इतक्या लांबून नळानं आणावं लागतं, तिथे ते अंगणात ओतणं मला पटत नाही, आणि तुलाही पटणार नाही हे मी जाणते. तुझा खरा साठा पाऊस आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुझ्या मागच्या टिनाच्या छपराचा आकार २० चौरस मीटर धर. २५ मिलिमीटरच्या एका पावसात त्यावर ५०० लिटर पाणी पडतं. उडालेलं, सांडलेलं सोडलं तरी ड्रम भरून हाती लागतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वाहू दे, छपरावरची धूळ त्यातच जाते. मग पन्हाळीला फडकं बांधून झाकणाच्या ड्रममध्ये घे. झाकण घट्ट हवं, डास होऊ देऊ नकोस.

दुसरा साठा तुझ्या बँकेतल्या आणि घरातल्या एसीचा. एसीतून ठिबकतं ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी म्हणून ते थोडं मिळतं; पावसाळी दमट दिवसांत बादली भरते. पिण्याला किंवा बॅटरीत घालायला ते वापरू नकोस. गाडीला उत्तम.

काही पाणी मात्र चुकूनही घेऊ नकोस. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी पुष्कळ जण गाडीला वापरतात. यंत्र गोडं पाणी एकीकडे काढतं, म्हणून बहुतेक सारे क्षार उरलेल्या पाण्यात जातात. निम्मं पाणी गाळलं गेलं तर उरलेल्याचं टीडीएस जवळपास दुप्पट होतं. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचंही तेच. दिवसभर पाणी उडत राहतं आणि क्षार मागे साठत जातात. उन्हाळा संपल्यावर कूलरच्या वाळ्यावर पांढरी खपली धरते ना, तीच खपली तुझ्या बॉनेटवर आहे. तुरटीनं गढूळपणा बसतो, विरघळलेला क्षार जात नाही. सॉफ्टनर बसवलास तर कॅल्शियमच्या जागी सोडियम येईल. डाग पुसायला सोपे होतील, पण खारेपणा तसाच राहील. काही शे रुपयांत मिळणारं पेनासारखं टीडीएस मीटर घे आणि प्रत्येक पाणी एकदा मोजून बघ. बाहेर गाडी धुवायला देतोस तिथलंही मोज. दाबाचा फवारा असला म्हणजे पाणी चांगलं असतं असं नाही.

आता रीत सांगते. उन्हात गाडी कधीच धुवायची नाही. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, सावलीत, बॉनेटवर हात ठेववेल इतका पत्रा निवल्यावरच सुरुवात कर. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ झटकायची सवय असेल तर ती सोड. त्या धुळीत बारीक वाळूचे कण असतात आणि त्यांचे ओरखडे उन्हात गोल जाळीसारखे चमकतात.

काळ्या मातीचा चिखल वाळून घट्ट झाला असेल तर खरवडू नकोस. आधी भिजव, दहा मिनिटं थांब, मग पाणी मारून सोडव. मग शाम्पू, तोही गाडीचाच, पीएच सातच्या आसपासचा. भांड्याच्या साबणानं पत्र्यावरचं मेण निघून जातं. जड पाण्यात साबणाचा साका बसतो, त्यामुळे शाम्पूची बादली पावसाच्या पाण्याची केलीस तर फेस चांगला येईल आणि थोड्याशा शाम्पूत काम होईल. दोन बादल्या ठेव, एक शाम्पूची, एक फडकं विसळायची. वरून खाली ये. छप्पर, काचा, बॉनेट, दारं, आणि सगळ्यात शेवटी खालच्या कडा. चाकांचं फडकं वेगळं. एका भागाला शाम्पू लावून तो वाळण्याआधी पाणी मार, मग पुढचा भाग घे, असं भागाभागानं काम कर. पूर्ण गाडी फेसाळून ठेवशील तर छपरावरचा फेस आधी वाळेल.

शेवटचं पाणी फवाऱ्यानं मार. दोन लिटरचा हाताचा फवारणी पंप नवा घे. शेतावरचा पंप आणू नकोस, त्यात तणनाशक किंवा कीटकनाशकाचा अंश राहतो. वरपासून खाली सावकाश फवार, जुनं खारं पाणी वाहून जाऊ दे. मग मोठं, जाड मायक्रोफायबरचं फडकं पत्र्यावर पसरून टिपून घे, रगडू नकोस. दारं उघड, त्यांच्या कडा, डिकीचं रबर, पेट्रोलच्या झाकणाभोवतीची जागा पूस. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी छिद्रं असतात, ती मातीनं बुजली नाहीत ना ते बघ. शेवटी गाडी गल्लीतून एक चक्कर फिरवून हलके ब्रेक लाव, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

तळाला मात्र बोअरच्या पाण्याचा फवारा जोरात मारू नकोस. खारं पाणी जोडांत शिरून बसतं. चाकाच्या कमानीतला चिखल हातानं काढ आणि ड्रममधल्या पाण्यानं धू. पावसाळ्यात धारा लागल्यावर पक्क्या रस्त्यानं फिरलास तर तेवढी सफाई आपोआप होते.

आत्ता असलेल्या डागांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पावसाचं पाणी समप्रमाणात घे. थंड पत्र्यावर त्यात भिजवलेलं फडकं दोन-तीन मिनिटं ठेव, मग उचलून चांगल्या पाण्यानं धुऊन टिप. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं, बारीक बुडबुडेही दिसतील. आधी कोपऱ्यात करून बघ. क्रोम आणि उघड्या अॅल्युमिनियमला लावू नकोस. तीनदा करूनही डाग राहिला तर तो लेपात उतरला आहे. तिथे पॉलिश करणाऱ्याकडे जा, पण सबंध गाडीचं पॉलिश करून घेऊ नकोस. डाग निघाल्यावर मेण लाव. मेणावर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात. ते वाळू दिलेस तर प्रत्येक थेंबाचा डाग होईल. म्हणून मेण लावल्यावर टिपणं सोडता येत नाही.

आणखी दोन जागा. काच धुण्याच्या बाटलीत बोअरचं पाणी भरलंस तर फवाऱ्याची बारीक तोंडं क्षारानं बुजतात. तिथे पावसाचं गाळलेलं पाणी घाल. आणि रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर सोडून दुसरं काही जाऊ देऊ नकोस, कितीही घाई असली तरी.

ही सगळी मेहनत गाडीची चमक टिकावी म्हणून तर आहेच. पण त्याहून मला हे वाटतं की माणूस ज्या गावी राहतो तिथल्या पाण्याशी त्याची ओळख असावी. दर्यापूरच्या घराघरात बायका हे पाणी ओळखतात: डाळ कोणत्या पाण्यात शिजते, केस कोणत्या पाण्यानं चिकट होतात, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. तू तिथे कर्जाचे अर्ज बघतोस. अर्जदाराच्या शेतात विहीर आहे असं लिहिलेलं असेल, तेव्हा तिचं पाणी गोडं की खारं हेही विचारत जा. त्यावर त्याचं अख्खं पीक ठरतं, आणि त्याला काय परवडेल तेही.

मृग लागलाच आहे. ड्रम आणि पन्हाळीचं काम या आठवड्यात करून घे. मीटर आणलंस की बोअर, नळ, एसी आणि पाऊस या चारही पाण्यांचे आकडे मला कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि प्यायला नळाचंच पाणी घे.

तुझी,
मावशी