यंत्राची साक्ष

आरोप करणें सोपें, केलेला आरोप मागें घेणें कठीण, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. तें पटलें मात्र उतारवयांत, आणि तेंही एका संगणकामुळें.

ओझर येथील एका लहानशा वाचनालयाचें दप्तर आम्ही हौसेनें सांभाळतों. तेथील संगणक रोज दुपारीं दोनच्या सुमारास इतका मंदावे, कीं एका पुस्तकाची नोंद करावयास पांच मिनिटें लागत. देवघेवीच्या टेबलावर बसणारा मुलगा विशीतला. हा दुपारीं सिनेमे पाहत असला पाहिजे, असें आमच्या मनानें घेतलें, व एके दिवशीं चार वाचकांदेखत आम्हीं त्याला तसें बोलून दाखविलें. तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याशीं कामापुरतेंच बोलूं लागला.

आमचे शेजारी येथील विमानांच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. 1964 सालीं स्थापन झालेल्या या कारखान्यांत मिग-21 जातीचीं विमानें बांधलीं गेलीं. 26 सप्टेंबर 2025 रोजीं त्या विमानांनीं वायुदलाचा निरोप घेतला. आमची तक्रार ऐकून शेजारी म्हणाले, "विमानांत कांहीं बिघडलें, तर वैमानिकाला दोष देण्यापूर्वीं उड्डाणाची नोंद पाहतात. तुम्हीं काय पाहिलेंत?"

आम्हीं कांहींच पाहिलें नव्हतें.

संगणकही असें दप्तर ठेवूं शकतो. लिनक्स प्रणालीसाठीं सेबास्टियन गोदार यांनीं रचलेल्या एका संचांत 'सार' नांवाची आज्ञा आहे. इंग्रजी आद्याक्षरांचें हें नांव मराठींत इतकें अन्वर्थक व्हावें, ही गंमतच! हा संच आमच्या यंत्रांत पूर्वींच चालू होता. दर दहा मिनिटांनीं तो यंत्राची नाडी पाहून टिपून ठेवी. प्रत्येक तारखेची वही निराळी. काळ्या पडद्यावर 'सार' लिहावें, पुढें आडवी रेघ व 'एफ' हें अक्षर, आणि शेवटीं हव्या त्या वहीचें नांव द्यावें, कीं गेलेला दिवस ओळीओळीनें समोर उभा राहतो: डावीकडे वेळ, उजवीकडे प्रोसेसरचा किती वेळ कामांत गेला, किती चकतीची वाट पाहण्यांत, किती रिकामा.

आम्हीं आठ दिवसांच्या वह्या पाहिल्या. दोन वाजेपर्यंत सारें शांत. मग तासभर चकतीची वाट पाहण्याचा आकडा एकदम चढलेला. सोमवारीं वाचनालय बंद, मुलगा घरीं. तरी सोमवारच्या वहींतही तोच चढ!

वहीनें 'केव्हां' तें सांगितलें. 'कोणामुळें' हें तिला ठाऊक नव्हतें. तें सांपडलें यंत्राला वेळेवर नेमून दिलेल्या कामांच्या यादींत. साऱ्या नोंदींची नक्कल रोज दुसऱ्या चकतीवर उतरवावी, अशी आज्ञा तेथें होती, आणि ती आम्हींच मोठ्या दूरदृष्टीनें घातलेली होती. पहाटेचे दोन लिहावयाचे, तेथें आम्हीं चौदा लिहिले होते.

वेळ बदलणें एका ओळीचें काम. तें लगेच झालें. दुसरें काम राहिलें होतें. शनिवारीं वाचक जमले असतांना आम्हीं त्या मुलाची उघड क्षमा मागितली. तो संकोचला, व हळूच म्हणाला, "दुपारीं मी फाटक्या पुस्तकांना कव्हरें घालीत असतों."

ही नोंद कोणत्याच वहींत नव्हती. ती आम्हीं त्याला पहिल्याच दिवशीं विचारावयाची होती.